जुन्या टर्बो एसयूव्हीचा भरवसा : दोष टर्बोचा की तेलाचा?

मुंबई : कसारा घाट चढून इगतपुरीच्या बाजूला चहासाठी थांबणाऱ्या गाड्यांकडे थोडा वेळ पाहिले, तर एक सवय सर्रास दिसते. गाडी थांबते न थांबते तोच किल्ली फिरवून इंजिन बंद केले जाते. पेट्रोलवर चालणाऱ्या बिनटर्बोच्या साध्या मोटारीला त्याचे फारसे काही वाटत नाही. दहा-बारा वर्षे वापरलेल्या डिझेल टर्बो एसयूव्हीचे मात्र तसे नसते. घाट चढून तापलेल्या यंत्राच्या अशा प्रत्येक थांब्याची नोंद इंजिनाच्या आत कोठे तरी होत राहते आणि काही वर्षांनी ती दुरुस्तीच्या बिलाच्या रूपाने समोर येते.

देशातील वापरलेल्या वाहनांच्या बाजारात अशा एसयूव्हींची संख्या आज मोठी आहे. टाटा मोटर्सची सफारी १९९८ मध्ये आली, ती दोन लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनासह. महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ मध्ये रस्त्यावर उतरली. पहिली गाडी पुण्याची, दुसरी नाशिकची. पण त्यांचा प्रपंच महाराष्ट्रापुरता कधीच राहिला नाही. बिहार-उत्तर प्रदेशापासून राजस्थान आणि ईशान्येपर्यंत दोन्ही गाड्यांनी लग्ने, निवडणुका, ऊस-कापसाचे हंगाम आणि रुग्णालयाच्या फेऱ्या पाहिल्या. २००७-०८ च्या सुमारास दोन्हींना नवी इंजिने मिळाली. सफारीचे १४० पीएस शक्तीचे, स्कॉर्पिओचे १२० पीएसचे; आणि योगायोग असा की, दोन स्वतंत्र कंपन्यांच्या या इंजिनांची क्षमता अगदी एकच, २१७९ सीसी. सफारीच्या पुढच्या अवतारावर, म्हणजे स्टॉर्मवर, लष्करानेही विश्वास टाकला आणि २०१७ मध्ये ३,१९२ गाड्यांची मागणी नोंदवली. सध्या ज्या गाड्या ‘स्वस्तात मोठी गाडी’ म्हणून हात बदलत आहेत, त्यांतील बऱ्याचशा याच पिढीतील आहेत.

या गाड्यांच्या मालकांचे अनुभव ऐकू लागले की बुचकळ्यात पडायला होते. एकाची गाडी तीन लाख किलोमीटर चालूनही इंजिन उघडावे लागलेले नसते. दुसऱ्याची त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची गाडी दीड लाखाच्या आतच टर्बो मागते आणि वर्षभरात दुसऱ्यांदा मागते. पहिला मालक गाडीची शपथ घेतो, दुसरा ती विकायला काढतो. दोघेही खरेच बोलत असतात. हा फरक कोठून येतो, हे समजण्यासाठी टर्बो म्हणजे काय, हे आधी पाहावे लागते.

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तीच आजही वापरात आहे. इंजिनातून वाया जाणारा उष्ण धूर एका चक्राला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की इंधन जास्त जाळता येते आणि लहान इंजिनाकडून मोठे काम होते. दाबलेली हवा तापते, म्हणून ती वाटेत इंटरकूलरमधून थंड करून घेतली जाते. कल्पना एवढी सोपी असली, तरी ती ज्या परिस्थितीत राबवायची असते, ती सोपी नाही. धुराकडच्या चक्रापाशी तापमान सातशे अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. दांडा पूर्ण जोरात मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेतो. एवढ्या वेगाने फिरणारा हा दांडा धातूवर टेकलेला नसतो. मायक्रॉनमध्ये मोजाव्या अशा पातळ थरावर तो तरंगत असतो. हा थर इंजिन ऑइलचा.

म्हणजे टर्बोला स्वतःचे असे तेल नाही. इंजिनाचे जे तेल, तेच त्याचे. त्या तेलात काजळी साठली, त्याची मुदत उलटून गेली, चुकीच्या दर्जाचे तेल भरले गेले किंवा पातळी खाली गेली, तर त्याची पहिली झळ टर्बोला बसते. घाट चढून तडकाफडकी इंजिन बंद केले की तेलाचा पंपही थांबतो. फिरणारा दांडा काही क्षण तेलाच्या पुरवठ्याविना फिरत राहतो आणि लाल तापलेल्या बाजूची उष्णता बेअरिंगकडे सरकते. तेथे अडकलेले तेल करपते आणि त्याचा कोळसा होतो. हा कोळसा एका दिवसात काही बिघडवत नाही. तो टर्बोला तेल पोहोचवणाऱ्या बारीक नळीत थराथराने साठतो आणि नळी अरुंद करत नेतो. घाट किंवा महामार्गावरील वेगवान प्रवासानंतर इंजिन मिनिटभर नुसते चालू ठेवावे, ही जुन्या चालकांची शिस्त याच कारणासाठी होती. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर ॲक्सिलरेटर दाबू नये, ही दुसरी शिस्तही त्याच कारणासाठी. कारण रात्रभर खाली उतरलेले तेल वर टर्बोपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात.

वर्षभरात दुसऱ्यांदा टर्बो जाण्यामागचे रहस्यही येथेच दडलेले आहे. पहिला टर्बो निकामी झाला, मेकॅनिकने नवा बसवला किंवा जुन्याचा आतला भाग, ज्याला गॅरेजच्या भाषेत ‘कोअर’ म्हणतात, तो बदलला. पण तेलाची नळी तीच राहिली. इंजिनाच्या तळाशी असलेली तेलाची जाळीही कोणी उघडून पाहिली नाही. गाळाने अर्धवट बुजलेल्या त्या वाटेने नव्या टर्बोलाही पुरेसे तेल मिळत नाही आणि तोही त्याच मार्गाने जातो. मालकाला वाटते, सुटा भाग बनावट होता. कधी तसेही असते, हे नाकारता येत नाही. मात्र टर्बो बदलताना तेलाची आत जाणारी व बाहेर येणारी नळी, फिल्टर आणि संपूर्ण तेल बदलले गेले होते का, हा प्रश्न बिल पाहून विचारला, तर उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते.

बिघाडाचे दुसरे मोठे कारण धूळ. एअर फिल्टर नीट बसला नसेल किंवा हलक्या प्रतीचा असेल, तर शेतरस्त्यावरील बारीक धूळ थेट हवा दाबणाऱ्या चक्रावर आदळते. एवढ्या वेगात वाळूचा कण पात्याला कानसेसारखा झिजवतो. काही मालक जुनाच फिल्टर हवेच्या फवाऱ्याने झटकून पुन्हा वापरतात. त्यातून वाचणारे काही शे रुपये हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महागडा काटकसरीचा प्रकार म्हणावा लागेल.

निर्दोष टर्बोला शिक्षा

तथापि, ‘टर्बो गेला’ म्हणून गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीचा टर्बो खरोखर गेलेला असतोच असे नाही. चढावर ओढ लागत नाही, मागे काळा धूर निघतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच ‘फुस्स’ असा आवाज येतो, ही लक्षणे बहुतेक वेळा टर्बो आणि इंजिन यांच्यामधील रबरी पाइप फाटल्याची असतात. दहा वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याला चिरा पडतात आणि दाब आला की चीर उघडते. गाडी उभी असताना ती चीर दिसतही नाही. हा पाइप बदलण्याचा खर्च नव्या टर्बोच्या खर्चाच्या तुलनेत अगदीच किरकोळ असतो. त्याहूनही स्वस्त गुन्हेगार म्हणजे व्हॅक्यूमची बोटाएवढीसुद्धा जाड नसलेली नळी. टर्बोचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेला ती निर्वात दाब पुरवते. ती निखळली किंवा तडकली की टर्बो शाबूत असूनही काम करत नाही.

सफारीच्या २.२ लिटर इंजिनासारख्या काही इंजिनांत टर्बोची पाती हलती असतात. कमी वेगात ती मिटतात, जास्त वेगात उघडतात. केवळ शहरातील कोंडीत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत या पात्यांवर काजळी जमते आणि ती अडकतात. मग अचानक एखाद्या दिवशी महामार्गावर ओव्हरटेक करताना हवेचा दाब मर्यादेबाहेर जातो, संगणक इंजिनाची शक्ती स्वतःहून कमी करतो आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. किल्ली बंद करून पुन्हा सुरू केली की काही काळ सगळे ठीक. गाडीला ‘भूत लागले आहे’ असे म्हणणारे मालक ज्या प्रकाराचे वर्णन करतात, तो अनेकदा हाच असतो. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने तुंबला, तरी चित्र बरेचसे असेच दिसते. ही दुरुस्ती मुख्यतः साफसफाईची आहे. त्यासाठी संपूर्ण टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या ठिकाणी दाखवून घेणे शहाणपणाचे ठरते.

इंटरकूलरच्या पाइपात तेल दिसले म्हणून घाबरवण्याचा प्रकारही परिचित आहे. इंजिनाच्या पोटातील वाफ श्वसननळीवाटे हवेच्या मार्गात परत सोडलेली असते आणि तिच्यासोबत थोडे तेल येतेच. पाइपाच्या आत तेलाचा पातळ थर असणे हे जुन्या डिझेल इंजिनात सामान्य आहे. तेल साचून राहिले असेल, तर मात्र दोन शक्यता असतात. एक तर टर्बोचे सील गेले आहे, किंवा ती श्वसननळीच तुंबली असून इंजिनातील दाबामुळे टर्बोतील तेलाला खाली परतायला वाट उरलेली नाही. दुसऱ्या शक्यतेत टर्बो बदलूनही गळती थांबत नाही.

या गळतीकडे फार काळ दुर्लक्ष केल्यास एक दुर्मीळ, पण भीतिदायक प्रसंग ओढवतो. डिझेल इंजिन ठिणगीवर चालत नाही; जळण्याजोगे जे मिळेल, ते जाळते. टर्बोतून मोठ्या प्रमाणात तेल आत येऊ लागले की इंजिन त्यावरच पळू लागते आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट आणि वाढत जाणारा आवाज, अशा वेळी मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडणे हाच इंजिन बंद पाडण्याचा मार्ग उरतो. ते जमले नाही, तर सर्वांनी गाडीपासून दूर होणे बरे.

टर्बोशिवाय इतर बाबींत या गाड्यांचा लौकिक बराच सारखा आहे. लॅडर फ्रेमवर बांधलेला सांगाडा टिकतो. सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट खड्ड्यांना कंटाळून ठरावीक काळाने बदलावे लागतात. पॉवर विंडो, सेन्सर आणि वायरिंग वयाप्रमाणे कुरकुरू लागतात. त्यातला खर्च त्रासदायक असला, तरी तो हप्त्याहप्त्याने येतो. इंजेक्टरचे तसे नाही. या पिढीतील कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब सोळाशे बारच्या घरात जातो आणि पाणीमिश्रित किंवा गाळयुक्त डिझेल त्या सूक्ष्म छिद्रांना सहन होत नाही. गळका इंजेक्टर आणखी एक छुपे नुकसान करतो. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते, मालक समाधान मानतो की गाडी तेल खात नाही आणि इकडे पातळ झालेल्या तेलावर टर्बोचा दांडा तरंगत असतो.

कमी चाललेली गाडी उत्तम, हा समजही येथे तपासून घ्यावा लागतो. बारा वर्षांत साठ हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला पाच हजार. एवढ्या वापरात तेल बदलण्याचा किलोमीटरचा टप्पा येतच नाही आणि पुष्कळ मालक वर्ष उलटले तरी तेच तेल चालू ठेवतात. इंजिन पुरते तापण्याआधीच प्रवास संपतो, ओलावा आणि काजळी तेलातच राहतात. याउलट पुणे-नागपूर किंवा इंदूर-मुंबई असा लांबचा प्रवास नियमित करणाऱ्या, दीड-दोन लाख किलोमीटर चाललेल्या पण वेळेवर तेल बदललेल्या गाडीचे इंजिन आतून अधिक स्वच्छ निघू शकते.

दिल्लीहून येणाऱ्या गाड्या

हा सारा विचार आज अधिक निकडीचा झाला आहे, तो राजधानीतील नियमांमुळे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना इंधनच न देण्याचा निर्णय अमलात आला, पण काही दिवसांतच तो पुढे ढकलावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारावर मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. डिसेंबर २०२५ मध्ये त्यात बदल करून हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील वाहनांपुरते ठेवण्यात आले.

या बदलामुळे रेषा नेमकी या पिढीच्या मधून गेली. राजधानी क्षेत्रात बीएस-४ निकष एप्रिल २०१० पासून लागू होता. देशाच्या अन्य बहुतांश भागांत तो २०१७ मध्ये आला. परिणामी दिल्लीत २०११ मध्ये नोंदलेली गाडी बीएस-४ आणि उत्तर प्रदेशातील एखाद्या दूरच्या जिल्ह्यात २०१४ मध्ये घेतलेली तशीच गाडी बीएस-३ असू शकते. खरेदीदाराने वर्ष पाहून समाधान न मानता नोंदणी प्रमाणपत्रावरील उत्सर्जन निकष वाचायला हवा.

बंदीच्या भीतीने ना हरकत प्रमाणपत्र घेऊन राजधानीतून बाहेर पडणाऱ्या गाड्या अन्य राज्यांतील बाजारात कमी किमतीत येतात. या गाड्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. डिझेलमधील गंधक जळताना आम्ल तयार करते आणि ते तेलाचे आयुष्य कमी करते. बीएस-३ डिझेलमध्ये गंधकाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ३५० भाग होती, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये १०. दिल्लीला बीएस-६ इंधन एप्रिल २०१८ मध्येच मिळू लागले, देशाच्या दोन वर्षे आधी. विरुद्ध बाजूचा मुद्दा आहे तेथील कोंडी, जिच्यात हलती पाती आणि ईजीआर दोन्ही काजळतात. शिवाय मीटरवरील आकडा मागे फिरवण्याची कला देशभर सारखीच प्रगत आहे.

किंमत ठरवताना कागदाचा खर्चही धरावा लागतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या राज्याचा रस्ता कर भरावा लागतो. मूळ राज्याकडून कराचा परतावा मागता येतो, तो चिकाटीचा विषय आहे. खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्याने दोनच वर्षांनी येणारी ही पायरी आजच हिशेबात धरलेली बरी.

धूर काय सांगतो

गाडीच्या अंतरंगाचा सर्वांत स्वस्त अहवाल बहुतेक जण काचेवर चिकटवून किंवा खणात टाकून विसरतात. तो म्हणजे पीयूसी प्रमाणपत्र. डिझेल गाडीच्या चाचणीत इंजिन जोरात फिरवून धुराची घनता मोजली जाते. बीएस-४ गाडीसाठी त्याची मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५. चाचणी नीट झालेली असेल, तर हा आकडा हवा, इंजेक्टर आणि टर्बो यांचा मेळ कसा बसला आहे, हे सांगतो. दर वर्षीच्या पावत्या जपून ठेवलेल्या असतील आणि आकडा हळूहळू चढत गेलेला दिसला, तर इंजिन काही तरी मागत आहे, हे डोळ्यांना धूर दिसण्याआधीच कळते. या चाचणीचीच काही मालकांना धास्ती असते, कारण मुदत उलटलेला टायमिंग बेल्ट अशा जोराच्या फेऱ्यांत तुटू शकतो. त्यात धास्ती चाचणीची असण्यापेक्षा न बदललेल्या बेल्टची असायला हवी.

प्रत्यक्ष पाहणीत धुराचा रंग पुरेसे बोलतो. काळा धूर म्हणजे इंधनाला हवा कमी पडते आहे. निळसर धूर तेल जळत असल्याचा. गाडी दोन-तीन मिनिटे उभी ठेवून मग ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा झोत आला, तर टर्बोच्या सीलबद्दल शंका घ्यावी. इंजिन तापल्यानंतरही न थांबणारा दाट पांढरा धूर इंजेक्टर किंवा कूलंटकडे बोट दाखवतो. टर्बोची मंद शिट्टी ही आजाराची खूण नव्हे. सायरनसारखा चढत जाणारा किंवा घासल्यासारखा आवाज मात्र आहे. इंजिन बंद आणि थंड असताना हवेचा पाइप काढून चक्र बोटाने हलवून पाहता येते. आडवी किंचित हालचाल चालते, कारण तेलाविना दांडा तेवढा सैल असतोच. दांडा मागे-पुढे सरकत असेल किंवा पाती कवचाला टेकत असतील, तर किंमत त्या हिशेबाने ठरवावी किंवा व्यवहारच सोडावा.

या सर्वांपेक्षा जास्त माहिती तेल बदलल्याच्या तारखा देतात. सलग बिले असतील, तर जास्त चाललेली गाडीही विचारात घ्यावी. बिले नसतील, तर चकचकीत रंगाला भुलू नये. आणि पाहणीला गेल्यावर सर्वप्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर विक्रेत्याने इंजिन आधीच चालवून ठेवले आहे. सकाळी थंड इंजिन सुरू होताना जे कळते, ते आता कळणार नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागून घ्यावी आणि आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये, असे आधीच सांगून ठेवावे.